मेंदूच्या दोन गोलार्धांमधील सेतू : कॉर्पस कॅलोझमचे कार्य

मानवी मेंदू वरून पाहिला, तर त्याच्या मधोमध एक खोल खाच दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच भासणारे दोन गोलार्ध दिसतात. ही खाच थोडी रुंद केली, की तिच्या तळाशी पांढऱ्या रंगाचा एक जाड पट्टा दृष्टीस पडतो. त्याचे नाव कॉर्पस कॅलोझम. दोन्ही गोलार्धांना जोडणारा हा मेंदूतील सर्वांत मोठा तंतुसमूह होय.

एरवी हे नाव वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपुरते मर्यादित असते. मात्र गर्भवतीच्या सोनोग्राफी अहवालात हा पट्टा ‘दिसत नाही’ अशी नोंद येते, किंवा वारंवार जमिनीवर कोसळणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला हाच पट्टा कापण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा ते नाव एखाद्या कुटुंबाची झोप उडवते. दोन गोलार्धांमधला हा दुवा नसेल, तर मेंदू एकसंधपणे काम करू शकतो का? गेल्या आठ दशकांच्या संशोधनातून मिळालेले उत्तर ‘काहीच बिघडत नाही’ आणि ‘सारेच संपते’ या दोन्ही टोकांपासून दूर आहे. हा दुवा आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर तुटला आणि त्याचा किती अंश शिल्लक राहिला, या दोन गोष्टींवर ते उत्तर मुख्यत्वे अवलंबून असते.

रचना

कॉर्पस कॅलोझमची लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर असते. एवढ्याशा जागेतून सुमारे २० कोटी चेतातंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. एका डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या पट्ट्याच्या व्याप्तीची कल्पना येते. मायलिन या मेदयुक्त वेष्टनामुळे त्याला पांढरा रंग येतो. हे वेष्टन विजेच्या तारेवरील आवरणासारखे असून त्यामुळे संदेशाचा वेग वाढतो.

बाजूने पाहिल्यास हा पट्टा कमानीसारखा दिसतो. पुढच्या बाजूला तो गुडघ्यासारखा वाकलेला असल्याने त्या भागाला ‘जेनू’ म्हणजे लॅटिन भाषेत गुडघा, असे नाव पडले. येथून जाणारे तंतू दोन्ही बाजूंच्या कपाळामागील भागांना जोडतात. नियोजन, निर्णय आणि संयम ही कामे त्या भागांकडे असतात. मधल्या भागातून हालचाल आणि स्पर्श यांच्याशी संबंधित केंद्रांची जोडणी होते. मागच्या फुगीर टोकाला ‘स्प्लेनियम’ म्हणतात. दृष्टीची केंद्रे तेथून जोडलेली असतात.

सर्व तंतू एकाच जाडीचे नसतात. पुढच्या भागात बारीक आणि मंदगती तंतू अधिक असतात, तर हालचाल, स्पर्श आणि दृष्टी यांची प्राथमिक केंद्रे जोडणाऱ्या भागांत जाड व वेगवान तंतू अधिक आढळतात. हात हलवताना वा वस्तू पाहताना विलंब परवडत नाही, हे त्यामागील कारण असावे. या विलंबाचे मोजमाप अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉफेनबर्गर यांनी १९१२ मध्येच केले होते. प्रकाशाचा ठिपका ज्या बाजूला दिसतो त्याच बाजूच्या हाताने बटण दाबले, तर पाहणे आणि दाबणे ही दोन्ही कामे एकाच गोलार्धात उरकतात. विरुद्ध हात वापरला, तर संदेशाला पलीकडे जावे लागते. या दोहोंतील फरक अवघा ३ ते ४ मिलिसेकंदांचा असतो.

बहुतेक तंतू एका गोलार्धातील भागाला दुसऱ्या गोलार्धातील त्याच जागेवरील भागाशी जोडतात. उदाहरणार्थ, डाव्या बाजूचे श्रवणकेंद्र उजव्या बाजूच्या श्रवणकेंद्राशी जोडलेले असते. काही तंतू मात्र वेगवेगळ्या जागांनाही जोडतात. त्यामुळे ही जोडणी केवळ आरशातील प्रतिबिंबासारखी राहत नाही.

कॉर्पस कॅलोझम हा दोन गोलार्धांमधला एकमेव मार्ग नाही. त्याच्या खाली अग्र संयोजिका आणि पश्च संयोजिका असे आणखी लहान तंतुसमूह आहेत. शिवाय मेंदूच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ दोन्ही गोलार्धांना सामाईक असतो. कांगारूसारख्या शिशुधानी प्राण्यांमध्ये कॉर्पस कॅलोझम मुळातच नसतो. त्यांच्यात अग्र संयोजिकाच हे काम पार पाडते. पुढील विवेचनात या लहान मार्गांना मोठे महत्त्व येणार आहे.

जडणघडण

गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीच्या अखेरीस पहिले तंतू मध्यरेषा ओलांडू लागतात आणि साधारण १८ ते २० आठवड्यांपर्यंत पट्ट्याची एकंदर आकृती तयार होते. म्हणूनच पाचव्या महिन्याच्या सुमारास केल्या जाणाऱ्या व्यंगशोधक सोनोग्राफीत तो तपासता येतो. त्याआधी त्याविषयी खात्रीने बोलता येत नाही.

जन्मानंतर तंतूंची संख्या वाढत नाही. उलट अनावश्यक तंतू मोठ्या प्रमाणावर गळून जातात. जे उरतात त्यांच्यावर मायलिनचे वेष्टन चढत राहते आणि हे काम विशीपर्यंत व त्यापुढेही चालू असते. लहान मूल एका हाताने काम करताना त्याचा दुसरा हातही नकळत तशीच हालचाल करतो. वय वाढते तशी ही सवय कमी होत जाते. गोलार्धांमधील दळणवळण हळूहळू परिपक्व होत असल्याचे ते एक साधे लक्षण आहे.

दीर्घकाळ न उलगडलेले कार्य

आंद्रेआस वेसालियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या पट्ट्याचे चित्रण केले. त्याचे काम काय, याविषयी मात्र पुढील चार शतके तर्कच चालू राहिले. मेंदूला आधार देणारी रचना, असेही त्याच्याकडे पाहिले गेले.

१९४० च्या सुमारास अमेरिकेतील रॉचेस्टर येथे विल्यम व्हॅन वॅगनन या शल्यविशारदाने अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये हा पट्टा कापला. अपस्माराचा झटका म्हणजे मेंदूतील विद्युत् संदेशांची अनियंत्रित लाट. ती एका गोलार्धातून दुसऱ्यात पसरू नये, हा त्यामागील हेतू होता. अँड्र्यू अकेलायटिस यांनी या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या बोलण्याचालण्यात, बुद्धीत वा स्वभावात लक्षणीय फरक आढळला नाही. कार्ल लॅशली या ख्यातनाम मानसशास्त्रज्ञाने तर दोन गोलार्ध एकमेकांवर कलंडू नयेत एवढेच या पट्ट्याचे काम असावे, असा विनोद केला. शरीरात एवढी मोठी रचना आहे आणि ती काढली तरी काही बिघडत नाही, हे कोडे होते.

ते सुटण्यास रॉजर स्पेरी आणि रोनाल्ड मायर्स यांनी १९५० च्या दशकात मांजरांवर केलेल्या प्रयोगांपासून सुरुवात झाली. कॉर्पस कॅलोझम कापून, तसेच डोळ्यांकडून येणाऱ्या चेतांची अदलाबदल जेथे होते ते स्थान विभागून, त्यांनी प्रत्येक डोळ्याची माहिती एकाच गोलार्धापुरती मर्यादित केली. एका डोळ्याने शिकलेली गोष्ट दुसऱ्या डोळ्याने पाहताना मांजराला ओळखता येईना. एका गोलार्धाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते. आधीच्या तपासण्यांत दोन्ही डोळ्यांना आणि दोन्ही हातांना सारी माहिती मोकळेपणाने मिळत होती, म्हणूनच तुटलेला दुवा लक्षात आला नव्हता.

दुभंगलेला मेंदू

१९६२ मध्ये लॉस एंजेलिस येथे जोसेफ बोगन आणि फिलिप व्होगेल यांनी तीव्र अपस्माराने ग्रासलेल्या एका माजी सैनिकावर ही शस्त्रक्रिया केली. स्पेरी आणि त्यांचे तरुण विद्यार्थी मायकल गॅझानिगा यांनी या आणि नंतरच्या अशा रुग्णांचा अभ्यास केला.

या प्रयोगांचे तत्त्व साधे आहे. नजर मध्यभागी स्थिर ठेवली, तर डावीकडे दिसणारी गोष्ट उजव्या गोलार्धाकडे जाते आणि उजवीकडे दिसणारी डाव्या गोलार्धाकडे. वाणीचे केंद्र बहुसंख्य लोकांत डाव्या गोलार्धात असते. उजवा हात वापरणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के आणि डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींमध्ये. पडद्याच्या डाव्या बाजूला क्षणभर एखादे चित्र दाखवले, की हे रुग्ण ‘काहीच दिसले नाही’ असे सांगत. परंतु पडद्याआड ठेवलेल्या वस्तूंतून त्याच चित्रातील वस्तू त्यांचा डावा हात अचूक शोधून काढी. उजव्या गोलार्धाला दिसले होते, समजलेही होते; फक्त ते शब्दांत सांगणाऱ्या गोलार्धापर्यंत पोहोचले नव्हते.

गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीच्या पायाचे, तर उजव्या गोलार्धाला बर्फाच्छादित दृश्याचे चित्र दाखवण्यात आले. समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रे निवडताना उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने बर्फ उपसण्याचे फावडे. फावडे का निवडले, असे विचारताच रुग्णाने कोंबड्यांचे खुराडे साफ करण्यासाठी फावडे लागते, असे तत्काळ स्पष्टीकरण दिले. बोलणाऱ्या गोलार्धाला बर्फाची काहीही माहिती नव्हती. तरीही आपल्याच हाताच्या कृतीला त्याने एक सुसंगत कारण जोडले. आपल्या वागण्याची कारणे आपण स्वतःलाच कशी पुरवतो, याविषयीच्या विचाराला या प्रयोगाने नवी दिशा दिली. स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टेन वीसेल हे त्यांचे सहमानकरी होते.

मात्र एका डोक्यात दोन स्वतंत्र व्यक्ती राहतात, हा यातून काढला जाणारा निष्कर्ष सर्वमान्य नाही. २०१७ मध्ये याईर पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन रुग्णांच्या अभ्यासातून वेगळे चित्र मांडले. डाव्या वा उजव्या कोणत्याही बाजूला ठिपका दिसला, तरी तो दिसल्याचे आणि त्याची जागा हे रुग्ण कोणत्याही हाताने वा तोंडी सांगू शकत होते. दोन बाजूंच्या आकृत्यांची परस्परांशी तुलना करणे मात्र त्यांना जमत नव्हते. दृष्टी विभागली गेली, तरी जाणीव दुभंगलीच असे म्हणता येत नाही, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

स्वस्थ मेंदूतील संवाद

१९९० च्या दशकात एमआरआय तंत्राच्या नव्या उपयोगाने या विषयाला वेगळे परिमाण दिले. मेंदूचा जो भाग काम करतो, तेथील रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात बदल होतो आणि तो एमआरआयमध्ये टिपता येतो. अमेरिकेत कार्यरत असलेले भारतीय वंशाचे संशोधक भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. माणूस कोणतेही काम न करता स्वस्थ पडून असतानाही डाव्या आणि उजव्या हालचाल-केंद्रांतील संकेत एकाच वेळी हळूहळू वर-खाली होत होते. हे चढउतार संथ असतात. त्यांच्या एका आवर्तनाला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो.

पुढे असे अनेक समूह सापडले. दृष्टी, श्रवण, अवधान, आत्मचिंतन अशा कामांशी निगडित दूरदूरचे भाग विश्रांतीतही एका लयीत असतात आणि बहुतेक समूह दोन्ही गोलार्धांत पसरलेले असतात. दोन गोलार्धांतील समान जागांमध्ये ही लय सर्वाधिक जुळलेली दिसते.

मेंदूचा एक जाळे म्हणून अभ्यास करणाऱ्यांनी त्यात आणखी भर घातली. ज्या जाळ्यात बहुतेक दुवे जवळजवळचे असतात आणि थोडे दुवे दूरचे असतात, त्यात कोणत्याही ठिकाणाहून कोणत्याही ठिकाणी मोजक्या टप्प्यांत पोहोचता येते. १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी हे गणिताने दाखवले. मेंदूची रचना याच प्रकारची आहे. त्यातील काही भागांना तर मोठ्या जंक्शनसारखे स्थान असते, कारण असंख्य मार्ग तेथून जातात. मार्टिन व्हॅन डेन ह्योव्हेल आणि ओलाफ स्पॉर्न्स यांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की ही जंक्शने आपापसांतही घट्ट जोडलेली असतात. त्यांना जोडणारे अनेक लांब मार्ग कॉर्पस कॅलोझममधून जातात. म्हणून या पट्ट्याचा परिणाम दोन समोरासमोरच्या भागांपुरता न राहता साऱ्या जाळ्यावर होऊ शकतो.

दुवा तुटला, नव्हता, थोडा उरला

ही सारी लय खरोखर कॉर्पस कॅलोझममुळेच जुळते का, या प्रश्नाचे उत्तर तीन प्रकारच्या व्यक्तींच्या अभ्यासातून मिळाले.

पहिला प्रकार दुवा पूर्णपणे कापलेल्यांचा. अपस्मार आटोक्यात न येणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलावर ही शस्त्रक्रिया करण्यात आली. त्याच्या मेंदूचे शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि लगेच नंतरचे चित्रण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोलार्धांमधली लय जवळजवळ नाहीशी झाली होती. प्रत्येक गोलार्धाच्या आतली लय मात्र टिकून होती. २०१७ मध्ये अधिक रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की हालचाल, स्पर्श, दृष्टी यांच्या प्राथमिक केंद्रांमध्ये जुळणी काही प्रमाणात शिल्लक राहते. विचार आणि अवधान यांच्याशी संबंधित वरच्या पातळीवरील भागांत ती अधिक तुटते.

दुसरा प्रकार दुवा जन्मतःच नसलेल्यांचा. सुमारे चार हजार जन्मांमागे एका बालकात कॉर्पस कॅलोझम तयारच होत नाही. अशा आठ प्रौढांचा अभ्यास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या मेंदूतील दोन्ही गोलार्धांत पसरलेले समूह जवळपास सर्वसामान्य माणसांइतकेच एका लयीत होते. पट्टा नाही, तरी सुसंवाद आहे. २०१४ मध्ये ब्राझीलमधील फर्नांडा टोवार-मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे एक कारण समोर आणले. या व्यक्तींच्या मेंदूत अग्र व पश्च संयोजिकांतून आणि मध्यमेंदूमार्गे पर्यायी तंतुमार्ग तयार झाले होते. एका हाताने स्पर्शाने ओळखलेली वस्तू दुसऱ्या हाताने ओळखणे त्यांना त्यामुळे शक्य होत होते. २०१३ मध्ये माकडांवर झालेल्या एका प्रयोगानेही लहान मार्गांचे महत्त्व दाखवले होते. कॉर्पस कॅलोझम कापून अग्र संयोजिका शाबूत ठेवली, तर गोलार्धांमधली लय बऱ्याच अंशी टिकून राहत होती.

तिसरा प्रकार दुवा अंशतः उरलेल्यांचा. २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील टायलर सँटँडर, मायकल मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टा कापलेल्या प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा पट्टा पूर्ण कापला गेला होता, त्यांच्या गोलार्धांमधला संवाद तुटलेला होता. परंतु मागच्या टोकाचा सुमारे एक सेंटिमीटर भाग शिल्लक राहिलेल्या रुग्णात हा संवाद जवळजवळ पूर्ण होता. स्प्लेनियम मुख्यतः दृष्टीची केंद्रे जोडतो, असे मानले जाते. तरीही हालचाल, स्पर्श आणि इतर समूहही तेथे एका लयीत आढळले. मूळ मार्ग बंद झाल्यावर उरलेल्या अरुंद वाटेभोवती साऱ्या जाळ्याने आपली नव्याने जुळवाजुळव केली असावी, असा त्याचा अर्थ लावता येतो.

गोमंतकीयांना ही गोष्ट नदीच्या दाखल्याने सहज उमजेल. १९८६ मध्ये मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा पणजीचे दळणवळण विस्कळीत झाले, कारण साऱ्या व्यवहाराची घडी त्या पुलाभोवती बसलेली होती. त्या काळात फेरीबोटींनी पैलतीराशी संपर्क टिकवला. ज्या गावाला पूल कधी लाभलाच नाही, त्या गावाचे जीवन मात्र आधीपासूनच होडी आणि फेरीच्या वेळापत्रकावर बेतलेले असते. मेंदूतही असाच भेद दिसतो. जो दुवा गृहीत धरून जाळे विणले गेले, तो अचानक पूर्ण तुटला, तर फटका मोठा असतो. तो मुळातच नसेल, तर जाळे वेगळ्या वाटांनी विणले जाते. आणि थोडासा उरला, तर त्या थोड्यावरही बरेच काही निभावते.

येथे एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. एमआरआयमध्ये लय जुळलेली दिसली, म्हणजे सर्व कामे सुरळीत होतात असे नव्हे. लिन पॉल आणि वॉरन ब्राउन यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून असे दिसते, की पट्टा जन्मतः नसलेल्या आणि सर्वसाधारण बुद्ध्यंक असलेल्या व्यक्तींनाही काही अडचणी येतात. नवीन व गुंतागुंतीचा प्रश्न झटपट सोडवणे, विनोदातील वा वाक्प्रचारातील गर्भितार्थ पकडणे, समोरच्याच्या मनातले ओळखणे या गोष्टी त्यांना जड जातात. पर्यायी मार्गावरून पोहोचता येते, पण त्याची रुंदी आणि वेग मूळ मार्गाइतका नसतो.

थोपवण्याचेही काम

कॉर्पस कॅलोझम केवळ माहिती पोहोचवतो, असे नाही. एका गोलार्धाने दुसऱ्याला काही काळ थोपवून धरणे, हेही त्याचे काम आहे. त्याचे तंतू मूलतः उत्तेजक असले, तरी पलीकडे जाऊन ते अनेकदा थोपवणाऱ्या चेतापेशींना जागे करतात. उजव्या हाताने बारीक काम करताना डावा हात शांत राहतो, त्यामागे ही यंत्रणा असते. १९९२ मध्ये चुंबकीय स्पंदनांच्या साहाय्याने हे माणसांत प्रत्यक्ष मोजण्यात आले. पट्ट्याला इजा झालेल्या काही रुग्णांचा एक हात दुसऱ्याच्या विरोधात वागतो. उजव्या हाताने लावलेली सदऱ्याची बटणे डावा हात काढू लागतो, अशी उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

पक्षाघाताच्या रुग्णांतही या संतुलनाला महत्त्व आहे. इजा एकाच गोलार्धात झालेली असते, तरी दोन्ही गोलार्धांमधली लय बिघडते. ती जितकी अधिक बिघडलेली, तितका हालचालीतील वा अवधानातील दोष अधिक, असे २०१० पासूनच्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणूनच पक्षाघातानंतरच्या उपचारांत केवळ इजा झालेल्या जागेचा नव्हे, तर साऱ्या जाळ्याचा विचार होऊ लागला आहे.

वैद्यकीय महत्त्व

*अपस्मार.* पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया आजही केली जाते, पण निवडक रुग्णांत. औषधांना दाद न देणारे आणि रुग्णाला एकाएकी जमिनीवर पाडणारे झटके, हे तिचे प्रमुख कारण असते. अशा पडण्याने वारंवार डोक्याला इजा होते. या शस्त्रक्रियेचा उद्देश झटके पूर्ण थांबवणे हा नसून कोसळणे कमी करणे हा असतो. पुष्कळदा आधी पुढचा दोन तृतीयांश भाग कापतात आणि मागचा भाग राखून ठेवतात. मागचा एक सेंटिमीटरही किती मोलाचा असतो, हे वर सांगितलेल्या संशोधनाने दाखवले आहे. भारतात नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्था येथे अपस्मारावरील शस्त्रक्रियेची प्रस्थापित केंद्रे आहेत.

*जन्मतः अभाव.* गर्भात पट्टा न दिसल्यास पुढचा प्रश्न असतो तो इतर दोषांचा. मेंदूची अन्य विकृती किंवा जनुकीय विकार सोबत असेल, तर मुलाच्या विकासावर गंभीर परिणाम संभवतात. पट्ट्याचा अभाव हा एकमेव दोष असेल, तर अशा मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश मुलांचा विकास सर्वसामान्य राहतो, असे आजवरच्या अभ्यासांचे एकत्रित चित्र आहे. मात्र काही अडचणी शालेय वयातच स्पष्ट होतात, म्हणून पुढील काही वर्षे लक्ष ठेवावे लागते. निदान विसाव्या आठवड्याच्या आसपास होत असल्याने निर्णयासाठी वेळ कमी उरतो. २०२१ च्या कायदेदुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरच्या गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. अशा वेळी घाईने निष्कर्ष काढण्याऐवजी गर्भाचा एमआरआय, जनुकीय तपासणी आणि बालमेंदूतज्ज्ञांचा सल्ला या गोष्टी लवकरात लवकर करून घेणे हिताचे ठरते.

*इजा आणि आजार.* वेगाने धावणाऱ्या वाहनाच्या अपघातात डोक्याला जोराचा हिसका बसतो, तेव्हा मेंदूतील लांब तंतू ताणले जाऊन तुटतात. कॉर्पस कॅलोझम हे अशा इजेचे एक नेहमीचे ठिकाण आहे. बाहेर जखम फारशी नसतानाही रुग्ण दीर्घकाळ बेशुद्ध राहण्यामागे अशी इजा असू शकते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात मायलिनचे वेष्टन झिजते आणि या पट्ट्यावर त्याच्या खुणा वारंवार दिसतात. दीर्घकाळ अतिमद्यपान आणि कुपोषण यांमुळे क्वचित हा पट्टाच झडू लागतो. इटलीतील मार्किआफावा आणि बिन्यामी यांनी १९०३ मध्ये या विकाराचे वर्णन केले.

रूढ गैरसमज

तर्कबुद्धीची माणसे ‘डाव्या मेंदूची’ आणि कलावंत ‘उजव्या मेंदूचे’, ही समजूत दुभंगलेल्या मेंदूच्या प्रयोगांचा विपर्यास करून पसरली. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १,०११ व्यक्तींच्या मेंदूचित्रणाचा अभ्यास केला. भाषा वा अवधान यांसारखी कामे एका बाजूला झुकलेली असतात, हे त्यात दिसले. पण एखादी व्यक्ती सर्वांगाने डाव्या वा उजव्या मेंदूची असते, याला आधार मिळाला नाही. सर्वसाधारण माणसात दोन्ही गोलार्ध प्रत्येक कामात सतत एकमेकांशी बोलत असतात.

स्त्रियांमध्ये हा पट्टा अधिक मोठा असतो, म्हणून त्या एकाच वेळी अनेक कामे करू शकतात, हा दुसरा समज. त्याचे मूळ १९८२ मधील एका लहान अभ्यासात असून त्यात अवघे १४ मेंदू तपासले गेले होते. १९९७ मध्ये ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा असा भेद सिद्ध झाला नाही. तसेच मुलांचा ‘मिडब्रेन’ जागा करून दोन्ही मेंदू जोडण्याचा दावा करणाऱ्या शिकवणी वर्गांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. मध्यमेंदू हा मस्तिष्कस्तंभाचा भाग असून तो जन्मापासून कार्यरतच असतो.

सातव्या वर्षाआधी संगीताचे शिक्षण सुरू केलेल्या वादकांमध्ये पट्ट्याचा पुढचा भाग मोठा आढळल्याचे गॉटफ्रीड श्लाउग यांनी १९९५ मध्ये नोंदवले. दोन्ही हातांच्या रियाजाने या भागाची वाढ होत असावी, असा कयास त्यातून बांधता येतो. तथापि पट्टा मोठा म्हणजे बुद्धी अधिक, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. ‘रेन मॅन’ या १९८८ च्या चित्रपटामागची प्रेरणा ठरलेले किम पीक यांच्या मेंदूत कॉर्पस कॅलोझम नव्हताच. हजारो पुस्तकांतील मजकूर त्यांच्या स्मरणात होता, पण सदऱ्याची बटणे लावायला मात्र त्यांना मदत लागे.

रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी

अहवालात या पट्ट्याचा उल्लेख आला, तर तज्ज्ञांना काही नेमके प्रश्न विचारता येतात. पट्टा पूर्ण नाही की अंशतः आहे? अंशतः असल्यास कोणता भाग आहे? सोबत मेंदूची अन्य विकृती दिसते का? जनुकीय तपासणीत काय आढळले? शस्त्रक्रियेचा सल्ला असेल, तर किती भाग कापला जाणार आणि किती राखला जाणार? उपचारांची दिशा आणि पुढील आयुष्याचा अंदाज या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो. पट्टा ‘आहे’ की ‘नाही’, या एका शब्दावर मुलाचे वा रुग्णाचे भवितव्य ठरत नसते.